वरच्या खिशातली तूर

फोन आला तेव्हा मी अमरावतीतल्या एका चौकात, एम.टेक.च्या सहा विद्यार्थ्यांना घेऊन वाहनं मोजायला उभी होते. सकाळचे साडेनऊ, ऑटो आणि दुचाक्यांची ऐन झुंबड, आणि त्यातला एक विद्यार्थी मला पटवून देत होता, की मोबाइलवर चित्रण करून संगणकाकडून मोजून घेतलं तर उन्हात उभं राहायची गरजच नाही. मी त्याला सांगणार होते, की अरे, आमच्या वर्गात एक गृहस्थ होते, ते तुरीच्या दाण्यांनी माणसं मोजायचे... हे वाक्य मी दर वर्षी प्रत्येक नव्या तुकडीला ऐकवते. त्या दिवशी ते अर्धवटच राहिलं. फोनवर अकोल्याहून त्याच गृहस्थांच्या पत्नी, कुसुमवहिनी होत्या. म्हणाल्या, "सुषमा, तुह्ये दादा गेले व. चहा मांगतला, अन् चहा होयपर्यंत गेले." मी तिथेच फुटपाथच्या कडेला बसले. माझं तोंड पाहून मुलांनी मोजणी थांबवली, तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले, की थांबता काय, मोजा! दादा असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

दादा, म्हणजे सुखदेव तायडे, हे माझे वर्गमित्र. त्यांना जाऊन आता महिना होत आला. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितलं, मी उभी राहिले आणि घुगऱ्यांची गोष्ट आठवून मला हसूच आवरेना. समोर बसलेल्या वहिनीही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि मग सगळा मांडवच हसला. दादांबद्दल गंभीर चेहरा करून बोलणं मला त्यांच्या हयातीत कधी जमलं नाही, आता तरी कुठून जमणार.

मी चांदूर बाजारची. वाहतूक नियोजनाच्या पदव्युत्तर वर्गाला अमरावतीत प्रवेश घेतला तेव्हा वर्गात आम्ही चौघंच होतो. तिघं बाविशी-तेविशीचे आणि चौथे दादा, वय वर्षं एक्कावन्न. अकोल्याच्या एका सरकारी कार्यालयात रस्त्यांच्या कामावर कनिष्ठ अभियंता म्हणून त्यांची हयात गेलेली. रजा टाकून ते शिकायला आले होते. रोज सकाळच्या गाडीने अकोल्याहून बडनेऱ्याला, तिथून ऑटोने कॉलेजात, आणि आमच्या आधी पहिल्या बाकावर हजर. मी पहिल्याच दिवशी त्यांना काका म्हणाले, तर माझ्याकडे चष्म्यावरून पाहत म्हणाले, "काका काहून म्हणतं? एकाच वर्गात हाओ आपण. परीक्षेत तुले माह्या मांगं बसाचं हाय, इसरू नोको." मग तडजोड म्हणून दादा ठरलं. परीक्षेत मी खरोखरच त्यांच्या मागे बसले आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावायचा प्रयत्न केला तर त्यांनी पेपरावर आडवा हात धरला. इतका कंजूस वर्गमित्र मी दुसरा पाहिला नाही.

पहिल्या महिन्यातली गोष्ट. मॅडम आम्हाला एक तक्ता शिकवत होत्या. रस्त्यावर नाना तऱ्हेची वाहनं असतात, मग त्यांची बेरीज करायची कशी? तर प्रत्येक वाहन मोटारीच्या मापात मोजायचं. बस म्हणजे इतक्या मोटारी, सायकल म्हणजे अर्धी, बैलगाडी म्हणजे अमुक. दादांचा हात वर. "मॅडम, बैलगाडी कापसाची का रिकामी?" मॅडम म्हणाल्या, पुस्तकात तसं दिलेलं नाही. "बरं. अन् बैल जवान का म्हातारे?" आम्ही तिघं बाकाखाली तोंड घालून हसत होतो. दादा मात्र पूर्ण गंभीर. शेवटी त्यांनी विचारलं, "अन् पायी चालणारं माणूस किती मोटारी?" मॅडमनी तक्त्यावरून खालपर्यंत बोट फिरवलं आणि सांगितलं, की पायी माणसाला या तक्त्यात जागा नाही. दादांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

त्या दोन रेघांचं कारण मला पुढे कळलं. अकोल्याहून पातूरकडे जाताना एक गाव लागतं. रस्त्याच्या एका अंगाला वस्ती, दुसऱ्या अंगाला शाळा, दवाखाना आणि नवी घरं. काही वर्षांपूर्वी तो रस्ता रुंद झाला तेव्हा देखरेखीला दादाच होते. काम चोख झालं, वरिष्ठांनी शाबासकी दिली, आणि यंत्रं परत निघाली त्या दिवशी गावातल्या बायांनी त्यांना घेरून विचारलं, "साहेब, रस्ता तं झ्याक झाला, पण आता आमी पलीकडे कसं जाचं?" दादा मला म्हणाले होते, "सुषमा, पंचवीस वर्षं रस्ते बांधले मी. डांबर किती, गिट्टी किती, सारं तोंडपाठ. पण त्या बायांले द्याले माह्यापाशी उत्तर नोयतं." त्या गावाला रस्ता ओलांडायची सोय करून द्यायची, एवढ्या एका कामासाठी हा माणूस पन्नाशी उलटल्यावर कॉलेजात आला होता. सोय मंजूर व्हायची तर कागदावर आकडे हवे होते, आकडे कसे काढायचे ते शिकायला हवं होतं, आणि प्रबंधाचा विषय तर त्यांच्याकडे प्रवेशाच्या आधीपासूनच तयार होता.

आता तुरीबद्दल. मोजणीचा आपला रिवाज असा, की कागदावर उभ्या रेघा मारायच्या, चार झाल्या की पाचवी आडवी. दादांना तो पसंत नव्हता. ते म्हणत, रेघ माराले मान खाली घातली तेवढ्यात एक माणूस निसटते. म्हणून त्यांनी आपली पद्धत काढली. पँटच्या डाव्या खिशात आख्खी तूर भरायची, डोळे रस्त्यावर, आणि एक माणूस ओलांडून गेलं की एक दाणा डाव्या खिशातून उजव्या खिशात. संध्याकाळी उजवा खिसा रिकामा करून दाणे मोजायचे. दुसरा नियम त्याहून विचित्र. ते माणसांच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत, फक्त पायांकडे बघायचे. कारण त्या भागात त्यांना ओळखणारे पुष्कळ. तोंड दिसलं की जय भीम, रामराम होणार, पोरीचं लग्न कुठवर आलं ते निघणार, आणि मोजणी हुकणार. मोजणीच्या कामात मी त्यांची मदतनीस होते. मी पलीकडे कागदावर वाहनं मोजायची आणि इकडे हा गृहस्थ खाली मान घालून खिशात हात चाळवत उभा. येणारेजाणारे त्यांना काय समजत असतील याची मला फार लाज वाटायची.

आणि मोजून झालेल्या तुरीचं काय? तर तिच्या घुगऱ्या. कुसुमवहिनी ते दाणे तीन पाण्यांनी धुऊन रात्री भिजत घालायच्या, सकाळी उकडून त्यावर कांदा, मिरची आणि जवसाची चटणी. डबा दादांबरोबर गाडीने अमरावतीला यायचा आणि अकराच्या सुट्टीत आम्ही चौघं तो विभागातल्या नकाशांच्या टेबलावर बसून संपवायचो. पँटच्या खिशातली तूर खायला किळस नाही का वाटली, असं माझी आई विचारायची. नाही वाटली. उलट डबा हातात घेतला, की वजनावरूनच कळायचं काल रस्त्यावर वर्दळ किती होती. वहिनींना तर मोजायचीही गरज पडत नसे, पातेल्यात पाहूनच त्या अंदाज सांगत.

पहिल्या मोजणीला त्या गावात डबा अर्धाच भरला. इतक्या कमी माणसांसाठी कोणी सोय करणार नाही, हे दादांनाही दिसत होतं. महिन्याभराने आम्ही दुसऱ्यांदा गेलो. त्या दिवशी रस्त्यावर अशी काही ये-जा होती, की दुपारी दादांचा डावा खिसा संपला आणि मला किराणा दुकानातून आणखी तूर आणावी लागली. दादा खूष. मीही खूष. दुसऱ्या दिवशी अमरावतीला एक नाही, दोन डबे आले. आम्ही खायला बसलो आणि दादा सहज म्हणाले, "कुसुम इचारे, काल गावात लगन होतं का?"

"होतं का?" मी विचारलं.

"नाई बा..." म्हणाले, आणि त्यांचा घास चमच्यातच राहिला. मग, "सुषमा, हिरव्या पट्ट्याची चप्पल. तारेनं सांधलेली. तुले दिसली?"

"मी गाड्या मोजत होती, दादा."

"लय डाव गेली ती. गेली अन् आली, गेली अन् आली... सकाळपासून." त्यांनी चमचा खाली ठेवला. तोंडाकडे बघायचं नाही या नियमाने घात केला होता. तेच तेच लोक दिवसभर रस्ता ओलांडत होते आणि आमच्या दादांना त्याचा पत्ता नव्हता. मला एकीकडे रडू येत होतं आणि एकीकडे हसू.

पुढच्या रविवारी आम्ही त्या गावात गेलो. हिरव्या पट्ट्याची चप्पल एका घराच्या ओट्यापाशी उलटी पडलेली होती. तिच्या मालकीणबाई म्हणजे गिरजाबाई, साठीच्या, ठेंगण्या, डोळ्यांत मिश्कीलपणा भरलेला. दादांनी विचारल्यावर त्यांनी काही म्हणता काही लपवलं नाही. "मंग काय करू, साहेब? तुमी माणसं मोजून राह्यले असं कळलं. माणसं कमी दिसली तं सोय होत नाई म्हनते. म्हून आमी साऱ्याईनं ठरवलं, दिवसभर चालाचं. माह्ये तं पाय भरून आले. तिसऱ्या पारी चहा पेली अन् आनखी दोन डाव गेली." दादांना राग आणायचा होता, पण तो येईना. ते नुसतेच म्हणाले, "अवो माय, अशानं माह्या हिशोबाची माती झाली ना! येरवी दिवसातून किती डाव जाता तुमी?"

"येरवी?" गिरजाबाई म्हणाल्या. "येरवी मी जातच नाई. पोरगी तिकडच्या अंगाले राह्यते. तिचं घर दिसते इथून. पन भेव लागते, साहेब. काठावर जातो, उभी राह्यतो, अन् वापस येतो. त्या दिवशी सारे संगं होते, गाड्या आपोआप थांबल्या. पोरीच्या हातचा चहा किती दिवसानं भेटला..."

परतीच्या एस.टी.त दादा खिडकीशी बसले होते. गाव मागे पडलं, अकोला जवळ आलं, तरी त्यांची नजर बाहेर रस्त्याच्या कडेवरून हटेना. मला वाटलं, सहा महिन्यांची मेहनत गेली म्हणून खचले. स्टँडवर उतरताना एकदम म्हणाले, "आपन चुकीचं मोजून राह्यलो, सुषमा. जे पलीकडे गेले ते मोजले. जे जाऊच शकले नाई, ते कोनं मोजाचे?"

मॅडमनी त्यांना समजावलं, की तो दिवस काढून टाका, बाकीच्या आकड्यांवर प्रबंध द्या, पदवी वेळेत मिळेल. दादांनी तो दिवस काढून टाकलाच, पण का काढला हे प्रबंधात चपलेसकट लिहिलं, आणि आणखी सहा महिने मागून घेतले. आम्ही तिघं पास होऊन बाहेर पडलो आणि दादा अजून रस्त्याच्या कडेला उभेच. रजा संपत आली होती. घरी सांगितल्यावर वहिनी रागावतील अशी त्यांना धास्ती होती. वहिनींनी फक्त विचारलं, "मंग तूर आनखी आनू का?"

आता खिसे तीन झाले. डाव्यातून उजव्यात जाणारा दाणा म्हणजे ओलांडून गेलेलं माणूस. आणि शर्टाचा वरचा खिसा काठावरून परत फिरणाऱ्यांसाठी. मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर जायची आणि शेजारी उभी राहून पाहायची. चपलांची टोकं डांबराच्या कडेला येऊन थांबायची. पुढे व्हायची, मागे व्हायची. आणि मग एकदम टाचा दिसायच्या. टाचा दिसल्या, की दादांचा हात वर जायचा आणि एक दाणा शर्टाच्या खिशात पडायचा. संध्याकाळपर्यंत तो खिसा असा फुगायचा, की बसमध्ये दादांनी छातीशी काय लपवलं आहे असं लोक वळून बघायचे.

त्या दाण्यांच्या घुगऱ्या वहिनींनी कधी केल्या नाहीत. दादांनीच मना केलं होतं. "जे गेलेच नाई, त्याईले कसं शिजवतं?" असं त्यांचं म्हणणं. ते दाणे एका काचेच्या बरणीत जमा होत गेले, वर कडुनिंबाचा पाला. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी प्रबंध चाळून विचारलं, की हा परत फिरणाऱ्यांचा आकडा फार मोठा वाटतो, विश्वास कसा ठेवायचा? दादांनी पिशवीतून बरणी काढली आणि सगळी तूर त्यांच्या पुढ्यात टेबलावर ओतली. "मोजून घ्या, सर." दाणे टेबलभर पसरले, काही खाली घरंगळले, आणि ते एवढे मोठे परीक्षक खुर्चीवरून उठून, वाकून, एकेक दाणा वेचायला लागले. मी मागच्या खुर्चीवर बसून पाहत होते. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या निकालाचाही झाला नव्हता.

सोय व्हायला त्यानंतर चार वर्षं लागली. दादांनी किती अर्ज केले, किती टेबलांवर तो प्रबंध नेऊन ठेवला, त्याची मोजदाद त्यांनी ठेवली नाही. ठेवली असती तर त्याही घुगऱ्या झाल्या असत्या. अखेर वाहनांचा वेग कमी करणारे पट्टे आले, मध्ये दुभाजकात उभं राहायला जागा झाली, पिवळा दिवा लुकलुकायला लागला. दादांचा फोन आला. "झालं, सुषमा! आता परत मोजाले लागन. आधी अन् नंतर, दोन्ही पाह्यजे, तवाच अभ्यास पुरा होते. तू येजो, तू आल्याबिगर मी जात नाई." मी हो म्हणाले. तोवर मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले होते. आधी परीक्षा होत्या, मग प्रवेश, मग दादांचा गुडघा दुखत होता, मग माझ्या घरचं लग्न. असं करत करत दोन वर्षं गेली. दोष गुडघ्याचा नाही. मीच टाळत राहिले आणि दादा माझी वाट पाहत राहिले. हे मला फार लागतं, ते इथे लिहून टाकते.

पुण्यानुमोदनानंतर दुसऱ्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "बरनी हाय घरी. दर उनायात तिले ऊन दाखवत होते तुह्ये दादा. आता तिचं काय करू?" मी म्हणाले, "वहिनी, परवाच्या दिवशी येतो मी. मोजाले जाऊ." मी अकोल्याला पोचले तेव्हा त्या तयार होत्या, आणि दादांचा एक निळ्या रेघांचा शर्ट घडी घालून पुढ्यात ठेवलेला. मला वरचा खिसा हवा होता, म्हणून तो मी कुडत्यावरूनच चढवला. बाह्या चार घड्या दुमडाव्या लागल्या.

सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत आम्ही दोघी त्या रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. मी पायांकडे बघत होते, वहिनी राजरोस तोंडाकडे बघत होत्या आणि सगळ्यांशी बोलत होत्या. चपला कडेला यायच्या, थांबायच्या, दुभाजकापर्यंत जायच्या, पुन्हा थांबायच्या, आणि पलीकडे पोचायच्या. शाळा सुटली तेव्हा तर मला दोन्ही हात वापरावे लागले. अकराच्या सुमारास एक जोडी कडेला येऊन थांबली ती हलेचना. माझा हात वरच्या खिशापाशी गेला. मी नियम मोडून वर पाहिलं. गिरजाबाई होत्या, हातातल्या पिशवीची गाठ आवळत होत्या. गाठ बसली तशा त्या निघाल्या, मध्ये निवांत उभ्या राहिल्या, आणि गेल्या. तासाभराने परत येऊन आमच्यापाशी टेकल्या. दादांचं त्यांना कळलं होतं. मग मी विचारलं, की आता रोज जाता का पोरीकडे?

"रोज?" म्हणाल्या. "दोन-दोन डाव जातो, बाप्पा. पोरगीच कंटाळून राह्यली आता!"

वहिनी इतक्या जोरात हसल्या, की एका ट्रकवाल्याने वळून पाहिलं. हसता हसता त्यांचे डोळे वाहत होते आणि माझेही.

दिवसअखेरीस वरच्या खिशात एक दाणा होता. एक बुवा चष्मा घरी विसरले म्हणून काठावरून परतले होते. पण दादांचा नियम तो नियम, टाचा दिसल्या होत्या. घरी आल्यावर वहिनींनी स्वयंपाकघरात बरणी उघडली, कडुनिंबाचा वाळलेला पाला बाजूला काढला आणि सगळी तूर पातेल्यात ओतली. माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी पाणी घातलं. "जुनी तूर हाय," म्हणाल्या, "शिजाले वेळ लागन."

"लागू द्या," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तोच जुना डबा घेऊन मी सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरले, आणि अकराच्या सुट्टीत, नकाशांच्या त्याच टेबलावर, माझ्या सहा विद्यार्थ्यांना ते अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण करून सांगितलं. घुगऱ्या जरा कडकच राहिल्या होत्या. तरी चटणी लावून लावून आम्ही खाल्ल्या. डब्यात एक दाणाही मागे राहिला नाही.